चोपदाराची भिंत

भय्यासाहेब पोतनिसांच्या दहाव्याला कावळा शिवेना. सिद्धवटाच्या घाटावर कावळे ढिगाने होते, पण पिंडाकडे एकही फिरकत नव्हता. ऊन चढत चाललं होतं, गुरुजी सारखे घड्याळाकडे बघत होते आणि घरची मंडळी रिवाजाप्रमाणे एकेक करून पुढे होऊन गेलेल्या माणसाला वचनं देत होती. धाकट्या दिलीपने तंबाखू सोडतो म्हणून सांगितलं. कावळ्यांनी त्यावर अजिबात विश्वास ठेवला नाही. देवासहून आलेल्या अहल्या आत्या म्हणाल्या, "भय्या, तुझ्या मुलांची काळजी करू नकोस, मी आहे." तरी काही नाही. शेवटी थोरला गोपाळ, ज्याच्या टकलावर ऊन सगळ्यांत जास्त लागत होतं, हात जोडून म्हणाला, "भय्यासाहेब, तुमची खोली आहे तशीच ठेवू."

एक कावळा खाली उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

मागे उभ्या असलेल्या जयूने डोळे मिटून घेतले. सुनेला भरून आलं, असं लोकांना वाटलं.

खोली म्हणजे माधव नगरमधल्या त्यांच्या घराची पुढची खोली. रस्त्याकडे उघडणारं स्वतंत्र दार, दोन खिडक्या आणि समोर एक लांबरुंद कोरी भिंत. जयू शाळेत गणित शिकवायची आणि घरी शिकवण्या घ्यायची, त्या जेवणाच्या टेबलावर. एका टोकाला मुलं समीकरणं सोडवायची, दुसऱ्या टोकाला निवडलेली मेथी पडलेली असायची. एकदा एका मुलाच्या वहीत त्रिकोणमितीच्या पानावर वरणाचा ओघळ गेला, तेव्हा त्याच्या आईने फोन करून विचारलं होतं की ताई, हिंग कुठला वापरता. लग्न होऊन या घरात आल्यापासून जयूला एकच गोष्ट हवी होती: दार लावता येईल अशी खोली आणि भिंतीवर एक मोठा फळा. सासऱ्यांच्या मरणाची वाट तिने कधी पाहिली नाही. पण त्यांच्यानंतर ती खोली कुणाला मिळणार, याचा हिशेब मनात झालाच नव्हता, असंही तिला म्हणता आलं नसतं.

घाटावरून परतताना तिने रिक्षातच विषय काढला.

"तशीच म्हणजे किती दिवस?"

"आता कावळ्याला तारीख थोडीच सांगितली मी," गोपाळ म्हणाला. "बोलून गेलो यार. ऊन होतं."

"वर्षश्राद्धापर्यंत. नंतर नाही."

"ठीक आहे. एक साल. फिर देखेंगे."

वर्षभर खोलीला कुलूप राहिलं. त्या बंद दाराशी सतत कुणी बसून असेल, तर तो चोपदार.

चोपदार म्हणजे घरचा कुत्रा. अंग भुरं, पाय पांढरे, जात ठरवण्याच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही. विहंगने, म्हणजे गोपाळ-जयूच्या मुलाने, कॉलेजात असताना नानाखेड्याच्या बस स्टँडवरून त्याला हेल्मेटात घालून आणलं, आणि पुढे नोकरी लागल्यावर आईबापांच्या गळ्यात टाकून तो पुण्याला निघून गेला. नाव भय्यासाहेबांनी ठेवलं. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते आणि हे ते दूधवाल्यालासुद्धा सांगत. कुत्रा दारात बसून आल्यागेल्याची वर्दी देतो, तेव्हा तो चोपदार. नाव देऊन त्यांनी संबंध संपवला. "कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर," असा त्यांचा कायदा होता. दिवाळीच्या फराळाच्या वेळी तो पाय हुंगायला आला तरी ते पाय वर घेत.

या कायद्याला एकच अपवाद होता. दुपारी जेवण झालं की भय्यासाहेब गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या कापडी पिशवीत, हात घालून जपाला बसत. त्या वेळी ते चोपदाराला आत घेत आणि दार लावून घेत. मग आतून नखांची खरखर, धपाधप आवाज आणि मधूनच खुर्ची सरकल्यासारखं काहीतरी ऐकू येई. एकदा गोपाळने विचारलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "नामाची गोडी मुक्या जिवालाही लागते." हे वाक्य गोपाळने नातेवाइकांत इतक्यांदा सांगितलं की देवासच्या भजनी मंडळात चोपदाराला ओळखत नाही असं कुणी राहिलं नाही.

भय्यासाहेब गेल्यावर चोपदारात थोडा बदल झाला, पण तो गमतीचा वाटला. जेवताना स्टीलच्या ताटाचा कवडसा छतावर पडला की तो उभा राहून छताकडे उड्या मारायचा. गोपाळच्या घड्याळाच्या काचेचा उजेड, समोरच्यांच्या स्कूटरचा आरसा, कुणाच्या मोबाइलचा चमकारा, सगळ्यांच्या मागे तो धावायचा. पाहुणे आले की गोपाळ मुद्दाम ताट हलवून दाखवायचा. पाहुणे हसायचे. चोपदारही हसतोय, असंच सगळ्यांना वाटायचं.

वर्षश्राद्ध झालं, आणि जयूने दुसऱ्याच आठवड्यात रंगारी बोलावला, देवास गेटजवळच्या सुताराकडे हिरव्या फळ्याची ऑर्डर दिली, आणि कुलूप काढलं. दार उघडताच चोपदार तिच्या पायांमधून आत घुसला, भय्यासाहेबांच्या खुर्चीकडे त्याने बघितलंही नाही. सरळ समोरच्या कोऱ्या भिंतीपाशी जाऊन बसला आणि मान वर करून टक लावली.

पहिल्या दिवशी जयूने त्याला लाडाने हाक मारली, तो आला. पुढे पुढे हाक ऐकू न आल्यासारखं करून बसून राहायला लागला. नंतर ऐकूही येईना. मधूनच भिंतीवर झेप घ्यायचा, पंजाने खरवडायचा, नाक घासायचा आणि पुन्हा बसायचा. पोळी समोर ठेवली तर पोळीवर मुंग्या लागायच्या. नव्या रंगावर ओरखडे उठले, आणि त्याच्या नाकावरची कातडी सोलून निघाली. फळा आला, पण लावणार कुठे? व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून फळाही शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा राहिला.

अशा वेळी पितृपक्षासाठी अहल्या आत्या आल्या.

त्या भय्यासाहेबांच्या धाकट्या बहीण. देवासला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी प्रार्थनेला रांग लावणारा आवाज तसाच होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, कुत्र्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि ताजा रंग हुंगला.

"गोपाळ," त्या म्हणाल्या, "कावळ्यासमोर काय बोलला होतास?"

गोपाळने जयूकडे पाहिलं. जयूने फळ्याकडे पाहिलं.

"आत्या, एक वर्ष ठेवली ना तशीच," गोपाळ म्हणाला.

"तू 'तशीच ठेवू' म्हणालास. 'वर्षभर' नाही म्हणालास. मी बाजूलाच उभी होते." त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "माणसांना दिसत नाही ते कुत्र्याला दिसतं. कुत्रा भैरवाचं वाहन, आणि भैरवाच्या गावात राहून हे मी तुम्हाला सांगायचं? भय्या आहे तिथे. आणि मला वाटतं तो नाराज आहे."

जयू म्हणाली, "नाराज असते तर मला बोलले असते. जिवंतपणी कधी चुकवलं नाही त्यांनी."

"म्हणून तर आता कुत्र्याकडून सांगतोय. तुला बोलून काही उपयोग होत नाही, हे त्याला ठाऊक आहे."

गोपाळ त्या दिवसापासून खोलीत चप्पल काढून जायला लागला. भिंतीसमोर चहाचा कप ठेवायला लागला, कमी साखरेचा, कारण भय्यासाहेबांना मधुमेह होता. जयूने रंगाऱ्याला फोन करून दुसरा हात नंतर मारा म्हणून सांगितलं आणि फळ्यावर जुनी चादर टाकली. तिला स्पष्ट दिसत होतं की काही दिवसांनी इथे फोटो येईल, मग समई येईल, मग ती आणि तिची मुलं कायमची मेथीच्या शेजारी.

तिने विहंगला चोपदाराचा व्हिडिओ पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"आई, ये नॉर्मल नाहीये. माझ्या मित्राच्या कुत्र्याला झालं होतं, शेपटीच्या मागे फिरायचा. दिवसभर. डॉक्टरला दाखव."

"आत्या म्हणतात तिथे तुझे आजोबा आहेत."

"आजोबा असते तर हा बाहेर उंबऱ्यावर बसला असता."

हे बोलणं जयूला फार पटलं.

नानाखेड्याला डॉक्टर निहारिकाचा दवाखाना होता. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेली तरुण मुलगी, बोलताना मराठी आणि हिंदी एकाच वाटीत कालवणारी. तिने चोपदाराचे डोळे तपासले, कान तपासले, मान आणि पाठ दाबून कुठे दुखतंय का पाहिलं, नाकाला मलम लावलं आणि व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. गोपाळ स्कूटर चालवायला म्हणून आला होता, तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"काकू, ये बताइए, हाक मारली की भिंत सोडून येतो?"

"आधी यायचा. आता नाही."

"खाणं ठेवलं तर?"

"नाही."

"नाक सोललंय तरी थांबत नाही. दुखत असणार, तरी." डॉक्टरने चोपदाराच्या कानामागे खाजवलं. तो तिच्या टेबलावरच्या चमच्याकडे बघत होता. "खेळणारा कुत्रा थकला की थांबतो, दुसरं काही दिसलं की तिकडे जातो. याला थांबताच येत नाहीये. त्याला हौस आहे म्हणून तो करत नाहीये, काकू. करावंच लागतंय त्याला. माणसाला नाही का, कुलूप लावलंय हे माहीत असून परत परत जाऊन ओढावं लागतं, तसं. आजार आहे. खोड नाही."

"म्हणजे याला तिथे काही दिसत नाही?" गोपाळने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती की भीती, हे जयूला कळलं नाही.

"दिसत नाही, म्हणूनच तर बघतोय. काहीतरी तिथे यायचं. ते आता येत नाही. घरात उजेडाच्या मागेही धावतो का?"

गोपाळने ताटाची गंमत सांगितली. डॉक्टर हसली नाही. गोपाळचंही हसू सांगता सांगता उतरलं.

"कुणीतरी याच्याशी उजेडाचा खेळ खेळलंय. टॉर्च, आरसा, लेझर. मांजरं-कुत्री पागल होतात त्याच्या मागे. त्यात वाईट काय, तर तो ठिपका कधी हातात येत नाही. चेंडू तोंडात येतो, हाड तोंडात येतं. ठिपका कधीच नाही. मग काही कुत्री शोधतच राहतात. तुमच्याकडे लेझर आहे?"

"होता," जयू म्हणाली. "माझाच. दहावीच्या मुलांनी दिला होता, फळ्यावर दाखवायला. घरात फळा नव्हताच, तरी. पण यांनी तो हरवला."

"मी नाही हरवला."

"मग त्याला पाय फुटले."

"डॉक्टरसमोर तर राहू दे, जयू."

डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या आणि बाकीचं बजावून सांगितलं. रागावायचं नाही. त्या रिकाम्या खोलीत एकटं सोडायचं नाही. भिंत झाका, खोलीत माणसांची ये-जा ठेवा. ज्या वेळी तो सुरू होतो त्याच्या आधीच त्याला काम द्या: पोळीचे तुकडे पंच्यात गुंडाळून द्या, शोधू दे, खाऊ दे. "जे हातात येतं असं काहीतरी द्या त्याला. आणि उजेड अजिबात दाखवायचा नाही. एकदा जरी दाखवला ना, तर फिर वहीं के वहीं."

भिंत झाका, माणसांची ये-जा ठेवा. जयूला डॉक्टरच्या तोंडात साखर घालावीशी वाटली. घरी येऊन तिने हे सगळं आत्यांना शब्दशः सांगितलं.

आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "पण भय्या त्या मुलीला कशाला दिसेल? तिची ओळख नाही." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "मी काही अडाणी नाही, जयू. तू म्हणतेस आजार, मी म्हणते भय्या. विचारून घेऊ. त्याची जपाची गोमुखी देवघरात खुंटीला आहे ना? त्याच्या खोलीत बसून त्याच्याच माळेवर जप कर आणि खोली माग. कुत्रा भिंतीवरून उठला, तर त्याने दिली. नाही उठला, तर ती खोली त्याची."

"मी का? यांनी करावा. मुलगा आहेत."

"खोली कुणाला हवी आहे?"

गोपाळने आधीच बादली उचलून पाय धुवायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिघं खोलीत गेली. आत्या पाटावर बसल्या, गोपाळ दारापाशी हात जोडून उभा राहिला. चोपदार नेहमीच्या जागी भिंतीकडे तोंड करून होता. जयू गोमुखी घेऊन भय्यासाहेबांच्या खुर्चीवर बसली, आणि पहिली अजब गोष्ट घडली. चोपदाराने मान वळवली. कित्येक दिवसांत तो हाकेला वळला नव्हता, पोळीला वळला नव्हता. आता तो गोमुखीकडे बघत होता, कान ताठ, अंगाला बारीक कंप सुटलेला.

"बघ," आत्या हळूच म्हणाल्या. "ओळखली त्याने माळ."

जयूने गोमुखीत हात घातला. मणी लागले नाहीत. लागलं ते थंड आणि गुळगुळीत होतं, पेनासारखं, आणि अंगठ्याखाली आपोआप एक बटण आलं. जपाच्या वेळी तर्जनी बाहेर ठेवायला गोमुखीला एक भोक असतं. ते भोक भिंतीकडे होतं. हे सगळं नीट ध्यानात येण्याआधी अंगठा दाबला गेला होता, आणि भिंतीवर, बरोबर चोपदाराच्या जागेच्या वर, एक लाल ठिपका उमटला होता.

आत्या पाटावर पुढे सरकल्या.

"भय्या," आत्या म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, आणि मुख्याध्यापिकेचा तो आवाज पार बारीक झाला. "आलास का रे."

जयूला एका क्षणात सगळं समजलं: बंद दार, नखांची खरखर, नामाची गोडी. तिचा हरवलेला लेझर. घरातलं ताठ माणूस रोज दुपारी दार लावून काय करत होतं ते. आत्ता हात बाहेर काढावा आणि दाखवावा, हे उघड होतं. पण आत्या म्हणाल्या, "विचार, जयू. लवकर विचार," आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"भय्यासाहेब, या भिंतीवर फळा लावू का?"

ठिपका वर गेला आणि खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"हो म्हणतोय," गोपाळ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आत्या, हो म्हणतायत ते."

उत्तर आधी लिहून मग त्याला जुळतील अशा पायऱ्या रचणाऱ्या मुलांची वही जयू उभी फाडून टाकायची. शाळेत त्याबद्दल तिचं नाव होतं. आता तिच्याकडे उत्तर होतं, पायऱ्या होत्या, आणि तपासणाऱ्या दोघांनीही पूर्ण गुण दिले होते. तिने बटण सोडलं. ठिपका गेला.

चोपदार गेला नाही. जिथे ठिपका विझला तिथे त्याने झेप घेतली, घसरून पडला, पुन्हा झेप घेतली. दोन्ही पंजांनी भिंत उकरायला लागला, नाक रंगात खुपसून आवाज करायला लागला. भुंकणं नव्हतं ते, रडणंही नव्हतं, दार उघडा म्हणून माणूस आतून करतो तसला काहीतरी आवाज. जयूने हाक मारली. त्याला ती ऐकूच आली नाही. मलमाखालची खपली निघाली, आणि पांढऱ्या भिंतीवर लाल रेघ उमटली.

"कुंकू," आत्या उठून उभ्या राहिल्या. "गोपाळ, कुंकू उमटलं बघ. दिलीपला फोन लाव. आणि देवासला मंडळात कळव. रोज दुपारी या वेळेला इथे सगळ्यांना—"

"आत्या, ते कुंकू नाही. त्याचं नाक आहे."

जयूने गोमुखीतून हात बाहेर काढला. मुठीत लेझर होता. तिने तो भिंतीकडे रोखला नाही, खाली धरला आणि आपल्याच तळहातावर बटण दाबून ठिपका दाखवला, कुत्र्याला दिसणार नाही असा. मग लेझर आत्यांच्या पाटावर ठेवला आणि चोपदारापाशी जमिनीवर बसून त्याला दोन्ही हातांनी धरलं. तो सुटायला धडपडत होता. तिने धरून ठेवलं.

"वर-खाली मी केलं," ती त्याच्या मानेत तोंड घालून म्हणाली. "भय्यासाहेबांनी नाही. पण बाकी सगळं त्यांनीच केलंय. जप नव्हते करत ते. या लबाडाला खेळवत होते. आणि हा अजून वाट बघतोय."

गोपाळने गोमुखी उलटी करून झटकली. तिच्यातून चोपदाराचे दोन केस पडले. माळ नव्हतीच. ती नंतर कपाटात सापडली, ओंकारेश्वरहून आणलेल्या पुडीत, दोरासुद्धा न सोडलेली.

"म्हणजे सगळी वर्षं," गोपाळ म्हणाला, "मी भजनी मंडळात जे सांगितलं ते..."

"आणि 'मी नाही हरवला' म्हणत होतात, ते खरं होतं," जयू म्हणाली. "तेवढं मी मागे घेते."

आत्या लेझरकडे बघत होत्या. त्या रागावतील, रडतील, निदान भाषण तरी करतील, म्हणून जयू वाट बघत होती. आत्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, पदर तोंडात धरून, आवाज न करता, वर्गात हसणाऱ्या मुलीसारख्या.

"लहानपणी," त्यांना बोलता येईना, "लहानपणी आईच्या फणीच्या पेटीतला आरसा चोरून भय्या मांजर नाचवायचा. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला इतका मारला होता. तेव्हा म्हणाला होता, आता मोठा होऊन दाखवतो." त्यांनी डोळे पुसले. "कुत्र्याला घरात घेऊ देत नव्हता ना तो? पाय वर घ्यायचा? सोंगाडा मेला."

"अहो आत्या, वडील आहेत माझे," गोपाळ म्हणाला.

"माझा भाऊ आधी."

मग त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, पदराचं टोक ओलं करून ती लाल रेघ पुसली आणि खोलीभर नजर फिरवली.

जयू म्हणाली, "मी खोटं बोलून परवानगी घेतली. तेव्हा ती धरू नका. खोलीचं तुम्ही म्हणाल तसं. फक्त याला इथे बसू द्यायचं नाही, एवढं माझं ऐका."

"माझं ऐक आता," आत्या म्हणाल्या. "गोपाळने काय कबूल केलं? खोली आहे तशीच ठेवू. भय्या असताना या खोलीत दुपारी काय असायचं? दार लावून धिंगाणा. वर्षभर कुलूप घालून तुम्हीच वचन मोडलंत. आता मुलं येऊ देत, आवाज होऊ दे, म्हणजे ती होती तशी होईल." त्यांनी व्हरांड्याकडे बोट केलं. "तो फळा भिंतीकडे तोंड करून काय उभा केलाय? आण इकडे. माझ्या शाळेत असे फळे ठेवत नव्हतो आम्ही."

फळा लागला. सुताराने भिंत जवळजवळ पूर्ण झाकून टाकली. लेझरचे सेल काढून गोपाळने तो गोमुखीत परत ठेवला आणि गोमुखी खुंटीला लावली. भय्यासाहेबांच्या श्राद्धाच्या दिवशी आत्यांनी तिलाही हळदकुंकू वाहिलं, गंभीर चेहऱ्याने. त्या दिवशी कुत्र्याचा वाटा काढून हाक मारली, तेव्हा चोपदार फळ्यासमोरून उठायला तयार नव्हता. वडा नाकाशी नेल्यावर कसाबसा आला. गोळ्यांना वेळ लागतो, डॉक्टर म्हणाली होती. ताट हलवून दाखवायचं गोपाळने सोडलं. स्टीलच्या ताटाऐवजी आता तो केळीच्या पानावर जेवायचा आणि पानं आणायला रोज आधी कोपऱ्यावर जायचा, कुरकुर न करता.

दिवाळीनंतर पहिला वर्ग भरला. मुलांनी पहिल्यांदाच मेथीशिवाय गणित केलं, त्यामुळे थोडी गांगरली होती. चोपदार दारापाशी पंच्यातले पोळीचे तुकडे शोधून संपवून बसला होता. मधूनच त्याची मान फळ्याकडे वळायची, मग कुणी मूल खोकलं की परत यायची.

जयूने भूमितीपासून सुरुवात केली. खडू उचलला आणि फळ्याच्या मधोमध, जरा खालच्या बाजूला, एक ठळक टिंब काढलं.

"हा बिंदू," ती म्हणाली. "याला लांबी नाही, रुंदी नाही. फक्त जागा आहे."

चोपदाराचे कान उभे राहिले. तो उठला. जयूचा हात हवेतच थांबला. मुलं कुत्र्याला रस्ता द्यायला सरकली. तो फळ्यापाशी गेला, मान वर करून उभा राहिला आणि थांबून राहिला. टिंब हललं नाही. त्याने आणखी वाट पाहिली. टिंब तिथेच होतं. मग त्याने पुढचे दोन्ही पाय फळ्याखालच्या पट्टीवर ठेवले, टिंब हुंगलं आणि जिभेने एकदाच, सावकाश, ते चाटून टाकलं. फळ्यावर ओला डाग राहिला, त्याच्या नाकावर पांढरा.

तो खाली उतरला, शिंकला, आणि दारापाशी जाऊन पंजावर डोकं ठेवून झोपला.

"मॅडम, बिंदू गया," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"असू दे," जयू म्हणाली. "तो त्याचा होता." आणि तिने थोडं वरच्या बाजूला दुसरं टिंब काढलं.